डिमेन्शियावरची टीव्ही बातमी: असाइनमेंटपासून फाइल फुटेजपर्यंत

डिमेन्शियाची बातमी बहुतेक वेळा कॅमेरा सुरू होण्याआधीच बिघडते. २१ सप्टेंबर, म्हणजे जागतिक अल्झायमर दिन, जवळ आला की असाइनमेंट डेस्कवरून निरोप येतो: 'एक इमोशनल स्टोरी करून आण.' मग ठरलेलं सगळं जमा होतं. वृद्धाश्रमाची खिडकी, खिडकीशी पाठमोरी बसलेली आजी, मुलीचा रडवेला बाईट (कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं), न्यूरॉलॉजिस्टचा बाईट आणि खाली पियानो. जिच्याबद्दल बातमी आहे ती दोन मिनिटांत एक शब्दही बोलत नाही. यातलं काही खोटं नसतं, पण आजाराच्या शेवटच्या टप्प्याचं चित्र सगळ्या आजारावर चिकटवलं जातं. नुकतीच लक्षणं जाणवू लागलेला प्रेक्षक ते पाहून तपासणी पुढे ढकलू शकतो.

पुढचा क्रम दोन-अडीच मिनिटांच्या पॅकेजसाठी, म्हणजे बाईट, दृश्यं आणि निवेदन जोडून केलेल्या बातमीसाठी आहे. डेडलाइन जवळ असेल तर टप्पे आटोपते घ्या, पण उलटसुलट करू नका.

टप्पा १: बातमी कशाची आहे ते एका वाक्यात लिहा

शूटची गाडी मागवण्याआधी हे वाक्य तयार हवं. 'डिमेन्शिया किती भयंकर असतो' ही बातमी होत नाही. 'निदानानंतर नोकरी चालू ठेवायची तर कामाच्या ठिकाणी कोणते बदल लागतात' ही होते. वाक्य जमलं नाही तर शूटवर जे हाती लागेल तीच बातमी ठरते, आणि हाती सहसा अश्रूच लागतात.

याच वेळी आजाराचा प्रकार विचारून घ्या. डिमेन्शिया हा एकच एक आजार नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून उद्भवणाऱ्या लक्षणांना मिळून हे नाव आहे. त्यातला ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हॅस्क्युलर डिमेन्शियात मूळ दुखणं मेंदूच्या रक्तपुरवठ्याचं असतं. ल्युई बॉडी प्रकारात समोर नसलेली माणसं दिसू शकतात, आणि भान दिवसागणिक, कधी तासागणिक कमीजास्त होतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात स्मरणाच्या आधी वागणं किंवा भाषा बदलते. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबाने मार्च २०२२मध्ये अफेजिया (बोलण्या-समजण्यात येणारी अडचण) आणि फेब्रुवारी २०२३मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया असं निदान जाहीर केलं. अशा बातमीवर 'सगळं विसरलेला हिरो' अशी पट्टी लावली तर ती सरळ चुकीची माहिती ठरते.

तपासा: निदान डॉक्टरांनी केलंय का, कधी, आणि कोणत्या प्रकाराचं? 'हल्ली फार विसरतात' म्हणजे निदान नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचं कमी काम, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांतूनही तशीच लक्षणं दिसतात आणि त्यातली बरीच उपचारांनी सुधारतात. निदान नसेल तर बातमीत डिमेन्शिया हा शब्द नको.

टप्पा २: आकडे शूटच्या आधी पक्के करा

आकडे स्क्रिप्ट लिहिताना शोधायला बसलं की गूगलवर पहिला दिसेल तो घेतला जातो. नेहमी लागणारे आणि नेहमी चुकणारे आकडे इथे देतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२१मध्ये जगभरात ५ कोटी ७० लाख लोकांना डिमेन्शिया होता, आणि दरवर्षी जवळपास १ कोटी नवी प्रकरणं होतात. पहिला आकडा 'आहेत' यांचा, दुसरा 'नव्याने होतात' यांचा. जीएफएक्सवर (पडद्यावरच्या ग्राफिकमध्ये) दोन्ही एकाखाली एक टाकून त्यांची बेरीज केलेली प्लेट जाऊ देऊ नका. 'दर ३ सेकंदांना एक' हा आकडाही नव्या प्रकरणांचा आहे. त्याच्याशेजारी मृत्यूसूचक चित्र टाकलं की अर्थ बदलतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये डिमेन्शियाचे १४ जोखीम घटक मांडले. ऐकू कमी येणं, उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, एकाकीपणा, हवेचं प्रदूषण, उपचार न झालेली कमी दृष्टी वगैरे. हे घटक दूर झाले तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येऊ शकतील, असा हिशोब आहे. हा हिशोब लोकसंख्येचा आहे. 'या सवयी लावा, तुमचा धोका ४५ टक्के घटेल' असं अँकरने म्हणणं चूक. आणखी एक तोटा असा की सगळ्या सवयी पाळूनही आजार झालेल्या माणसाला ते वाक्य दोषी ठरवतं.

औषधांच्या बातमीत गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून एक उदाहरण पूर्ण उलगडू. लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२३मध्ये नियमित मंजुरी दिली. मथळे होते 'बिघाडाचा वेग २७ टक्क्यांनी कमी' असे. चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातले १,७९५ लोक होते आणि ती १८ महिने चालली. मोजपट्टी ० ते १८ गुणांची. गुण जितके वाढतात तितकी अवस्था बिघडलेली. औषध घेणाऱ्यांचे गुण सरासरी १.२१ने वाढले, न घेणाऱ्यांचे १.६६ने. फरक ०.४५ गुणाचा. २७ टक्के म्हणजे हाच फरक. दोन्ही गटांतले लोक बिघडलेच, एक गट जरा कमी वेगाने. औषध घेणाऱ्या १२.६ टक्के लोकांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये सूज दिसली, दुसऱ्या गटात १.७ टक्के.

यावरून बोलायचं ते असं (अमायलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन): 'हे औषध आजार थांबवत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात आणि मेंदूत अमायलॉइड साचल्याची खात्री झालेल्यांमध्ये ते बिघाडाचा वेग काहीसा कमी करतं. मेंदूला सूज येण्याचा धोका असल्याने वेळोवेळी एमआरआय करावा लागतो.' तीन वाक्यं, जेमतेम पंधरा सेकंद. 'चमत्कारी इंजेक्शन' म्हणायला दोन सेकंद लागतात, पण त्यानंतर आठवडाभर न्यूरॉलॉजिस्टच्या दाराशी प्रगत अवस्थेतल्या रुग्णांचे नातेवाईक रांग लावतात, आणि त्यांना परत पाठवणं डॉक्टरांच्या वाट्याला येतं.

सावध: जुन्या स्क्रिप्टवरून मजकूर उचलताना तारीख बघा. अड्युकानुमॅब या अल्झायमरवरच्याच दुसऱ्या औषधाला जून २०२१मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी २०२४मध्ये कंपनीनेच ते बंद करत असल्याचं जाहीर केलं.

संशोधकाला फोनवर चार प्रश्न विचारा: प्रयोग माणसांवर की उंदरांवर? किती जणांवर आणि किती काळ? फरक टक्क्यांत नको, प्रत्यक्ष किती? पैसा कोणाचा? उंदरांवरचा प्रयोग असेल तर 'उंदरांवर' हा शब्द अँकर लीडच्या (बातमीआधी अँकर वाचतो त्या प्रस्तावनेच्या) पहिल्या वाक्यात यायला हवा. शेवटच्या व्हीओत (दृश्यांवरच्या निवेदनात) टाकलेला शब्द कोणी ऐकत नाही. रक्ततपासणीचंही तसंच. मे २०२५मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्तचाचणीला परवानगी मिळाली ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञांकडे तपासणी सुरू असलेल्या लोकांसाठी. 'एका थेंबात निदान' म्हणून निरोगी प्रेक्षकाला लॅबकडे पिटाळायचं कारण नाही.

टप्पा ३: माणूस गाठा, संमती घ्या

वृद्धाश्रम हा सोपा पत्ता आहे, कारण तिथे एकाच फेरीत सगळं मिळतं. पण तिथे बहुधा प्रगत अवस्थेतले लोक असतात. सुरुवातीच्या टप्प्यातले लोक घरी असतात, काही जण कामावरही जातात. ते भेटतात मेमरी क्लिनिक, आधारगट आणि रुग्ण-संघटना यांच्यामार्फत. डिमेन्शिया असलेल्यांनी स्वतः चालवलेली डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल ही संस्था २०१४पासून आहे. तेव्हा 'बोलणारं कोणी मिळत नाही' ही सबब चालणार नाही. अशी माणसं मिळायला चार-पाच दिवस लागतात, त्यामुळे अल्झायमर दिनाची तयारी आदल्या संध्याकाळी होत नाही.

निदान झालं म्हणजे माणूस संमती देऊ शकत नाही, असं धरून चालू नका. तो या एका निर्णयापुरतं समजू शकतो का, तेवढा वेळ लक्षात ठेवू शकतो का, बरंवाईट तोलू शकतो का आणि आपलं म्हणणं कळवू शकतो का, एवढं पाहायचं. साध्या शब्दांत सांगा: 'आम्ही तुमचं बोलणं रेकॉर्ड करू. ते टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसेल. शेजारीपाजारी बघतील. नंतर ते पूर्ण पुसता येणार नाही.' मग म्हणा, 'आता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगता?' नुसत्या मान डोलावण्यावर जाऊ नका.

संमती तीनदा घ्या: पहिल्या भेटीत, शूटच्या दिवशी कॅमेऱ्यावर, आणि शूट संपल्यावर. समज पुरेशी नसेल तर कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याची लेखी संमती लागते. तरीही त्या माणसाने तोंड फिरवलं, उठून गेला, 'बंद करा' म्हटलं, की कॅमेरा बंद. नातेवाइकाने सही दिली म्हणून तो हक्क जात नाही.

सावध: ज्या माणसाला आपलं निदान सांगितलेलंच नाही, त्याच्यासमोर 'अल्झायमर' शब्द काढू नका. हे आधी कुटुंबाला स्वतंत्रपणे विचारून घ्या. त्याला ते टीव्हीवरून कळणार असेल तर ही स्टोरी त्याच्यावर करू नका.

टप्पा ४: शूटची खोली

वेळ बहुधा सकाळची धरा. बऱ्याच जणांची अस्वस्थता दुपार उलटल्यावर वाढते. पण घरच्यांना विचारा, प्रत्येकाची घडी वेगळी असते. क्रू दोघांचा, फार तर तिघांचा.

चष्मा डोळ्यांवर आहे ना? श्रवणयंत्र कानात आणि चालू आहे ना? कित्येकदा 'काही कळत नाही त्यांना' असं ज्याला म्हणतात त्याला नुसतं ऐकू आलेलं नसतं. टीव्ही, मिक्सर, घरघरणारा पंखा बंद करा. समोरून थेट डोळ्यांवर येणारा लाइट नको. बाजूने, मऊ, खिडकीच्या उजेडाला पूरक असा ठेवा. फ्रेमच्या सोयीसाठी फर्निचर हलवू नका, ओळखीची जागा बदलली की माणूस बावरतो. केबल भिंतीलगत चिकटवा. आरसा समोर असेल तर झाका, त्यात अनोळखी माणूस उभा असल्यासारखं वाटू शकतं.

कॉलर माइक आधी हातात द्या, 'हा लावू का?' विचारा, मग लावा. सारखा ओढून काढत असतील तर हट्ट सोडा आणि फ्रेमबाहेरून गन माइक (लांबून आवाज टिपणारा) धरा. कॅमेरा पहिली दहा मिनिटं बंद अवस्थेत टेबलावर राहू दे.

टप्पा ५: मुलाखती, याच क्रमाने

आधी डिमेन्शिया असलेली व्यक्ती, मग नातेवाईक, शेवटी डॉक्टर. नेहमी हे नेमकं उलटं होतं. डॉक्टरांची वेळ आधी मिळते, मग मुलगा तासभर बोलतो, आणि ज्याच्यासाठी आलो तो थकून गेलेला असतो. शिवाय मुलाचं ऐकून आलेला रिपोर्टर वडिलांना विचारतो तो प्रश्न वडिलांचा राहत नाही, मुलाच्या तक्रारीची खातरजमा होते.

डोळ्यांच्या पातळीवर बसा. कोणत्या नावाने हाक मारायची ते विचारा; सरसकट 'आजी, आजी' करू नका, बाई चाळीस वर्षं मुख्याध्यापिका असतील तर त्यांना 'बाई' जास्त आवडेल. एका वेळी एकच प्रश्न, छोटा. मग थांबा. मनात दहापर्यंत मोजा. टीव्हीवाल्यांना तीन सेकंदांची शांतता सहन होत नाही, आणि उत्तर बऱ्याचदा पाचव्या सेकंदाला येणार असतं. प्रश्न पुन्हा विचारायचा तर त्याच शब्दांत, कारण शब्द बदलले की माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे प्रश्न टाळा: 'मला ओळखलंत?', 'आज कोणता वार?', 'नातवाचं नाव काय?' ही परीक्षा आहे, आणि ती हरताना दाखवण्यासाठीच घेतली जाते. त्याऐवजी: 'सकाळी उठल्यावर आधी काय करता?', 'दिवसातलं काय आवडतं?', 'लोक तुमच्याशी कसं बोलले की राग येतो?', 'निदान कळलं तेव्हा कोणी काय सांगायला हवं होतं?' हातात वस्तू असेल तर बोलणं सुटतं: हत्यारांची पेटी, फोटो, विणकाम. वीस-पंचवीस मिनिटांत उरका.

नातेवाइकाला शेजारी बसायला हरकत नाही, उलट बऱ्याच जणांना तेच हवं असतं. मात्र मधे उत्तर द्यायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. बोलताना डिमेन्शिया असलेले गृहस्थ वारलेल्या पत्नीला हाक मारू लागले तर कॅमेऱ्यासमोर 'त्या नाहीत आता' असं कोणी दुरुस्त करायचं नाही. 'त्यांच्याबद्दल सांगा ना,' एवढं पुरतं.

नातेवाइकाची मुलाखत वेगळ्या खोलीत. त्या माणसाच्या देखत त्याच्याविषयी 'ह्यांना आता काहीच कळत नाही' असे बाईट घेणं हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत ओंगळ प्रकार. कपडे ओले होणं, शिव्या, मारहाण हे तपशील बातमीच्या त्या एका वाक्याला लागत असतील तरच विचारा.

तपासा: निघण्याआधी, त्या व्यक्तीचा स्वतःचा किमान एक पूर्ण, वापरता येण्यासारखा बाईट हातात आहे का?

टप्पा ६: दृश्यं

सुरकुतलेल्या हातांचा क्लोजअप, डोकं धरून बसलेला म्हातारा, खिडकी, रिकामी खुर्ची, पानं गळणारं मेंदूच्या आकाराचं झाड, जिगसॉचे सुटे तुकडे. हे शॉट्स घेऊच नका, म्हणजे एडिटला मोह होणार नाही. घ्यायचं ते चालू काम: चहा करणं, फुलं वेचणं, फोन लावणं, चुकल्यावर स्वतः दुरुस्त करणं. चेहरा दिसू दे. कॅमेरा त्यांच्या उंचीला, वरून खाली नको. भिंतीवरची यादी, औषधाचा डबा, कपाटावरच्या चिठ्ठ्या हे अडचण आणि तोड एकाच फ्रेममध्ये दाखवतात.

चेहरा ब्लर करण्याचं मात्र जपून. आपल्या पडद्यावर ब्लर म्हणजे आरोपी किंवा पीडित. ओळख लपवायचीच असेल तर पाठमोऱ्या वाइड शॉटमध्ये काम करताना दाखवा, नाव बदला, आणि तसं सांगा. तेव्हा घराचा दर्शनी भाग, नावाची पाटी, गाडीचा नंबरही फ्रेमबाहेर हवा.

टप्पा ७: स्क्रिप्ट

नेहमीचं अँकर लीड असं असतं: 'कल्पना करा, एके दिवशी तुम्ही उठलात आणि तुमची माणसंच तुम्हाला परकी वाटू लागली. जिवंतपणीच मरण देणाऱ्या या भयंकर आजाराने जगाला विळखा घातलाय...' यात एकही माहिती नाही आणि एक चूक आहे: आजार एका सकाळी येत नाही.

तेच लीड असं: 'निदानानंतर दोन वर्षांनीही त्या रोज दुकानात बसतात. हिशोब आता मुलगी करते, गिऱ्हाईक त्याच सांभाळतात. डिमेन्शिया झाला की सगळं लगेच थांबतं, हा समज का चुकीचा आहे, पाहूया.' अर्थात, दुकान आणि मुलगी तुमच्या स्टोरीत खरी असायला हवीत.

'डिमेन्शियाग्रस्त', 'पीडित', 'म्हातारचळ', 'वेडसर' ऐवजी 'डिमेन्शिया असलेल्या' लिहा. 'त्सुनामी', 'टाइमबॉम्ब' काढा. 'वयानुसार व्हायचंच' हे तर कुठेच नको: अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनलच्या २०२४च्या अहवालात ८० टक्के सामान्य लोकांनी डिमेन्शिया हा वार्धक्याचाच नेहमीचा भाग मानला होता, आणि हा आजार ६५च्या आतही होतो. उलट टोकही टाळा. सगळं छान चाललंय, हसतखेळत, अशी स्टोरी सांभाळणाऱ्याची थट्टा करते. रात्रीची जागरणं, पैशांची ओढाताण हे येऊ दे, पण माणसाला 'ओझं' न म्हणता.

टप्पा ८: एडिट आणि आउटपुट डेस्क

बोलण्यातला विराम तीन-चार सेकंदांचा असेल तर राहू दे. तो कापून जंप कट (त्याच शॉटमध्ये झटक्यात पुढे उडी) मारले की माणूस अडखळतोय असं जास्तच वाटतं. कापायचंच तर वर कटअवे, म्हणजे जोड झाकणारं दुसरं दृश्य टाका. मात्र बारा सेकंदांच्या शांततेखाली पियानो लावणं म्हणजे त्या माणसाच्या असाहाय्यतेचा तमाशा. संगीत लावूच नका, घरातले आवाज पुरतात. एकच गोष्ट तीनदा सांगितली असेल तर सर्वांत नीट असलेली एकदा वापरा.

पुढची अर्धी लढाई आउटपुट डेस्कवर असते. पॅकेज नीट, आणि वर लाल पट्टी: 'आईच विसरली पोटच्या लेकराला!' त्यामुळे हेडलाइन, दोन लोअर थर्ड (पडद्याच्या खालच्या भागातल्या नावाच्या वगैरे पट्ट्या), एक टिकर (खाली सरकणारी ओळ) आणि यूट्यूबचा थंबनेल पॅकेजसोबत स्वतः लिहून, स्वतः निवडून द्या. रिकामी जागा दिली की ती कोणीतरी भरतोच. लोअर थर्डवर व्यक्तीचं नाव आणि ओळख हवी, 'अल्झायमर रुग्ण' नको: 'निवृत्त शिक्षिका, २०२१पासून डिमेन्शिया' असं.

वेगळी काळजी लागणारी प्रकरणं

हरवलेली व्यक्ती: फोटो, कपडे, शेवटचं ठिकाण, संपर्क, एवढंच आणि लगेच. घराचा पत्ता, एकटी राहत असल्याचा उल्लेख नको, चोराला तेवढं पुरतं. सापडल्याची बातमी द्या आणि फोटो वेबसाइटवरून काढा.

सार्वजनिक व्यक्ती: नेता अडखळला की स्टुडिओत डॉक्टर बसवून क्लिप बघत निदान करवून घेऊ नका. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचा १९७३चा गोल्डवॉटर नियम मानसोपचारतज्ज्ञांना अशा मतप्रदर्शनापासून रोखतो. पत्रकारानेही तोच धरावा. चाळणी चाचणीचे गुण म्हणजे निदान नव्हे आणि बुद्ध्यांकही नव्हे. जानेवारी २०१८मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना मोका या स्मरण आणि विचारशक्तीच्या चाळणी चाचणीत ३०पैकी ३० गुण मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. अशा वेळी चाचणीचे प्रश्न पडद्यावर सोडवून दाखवायची हौस आवरा. प्रश्न आधीच पाहिलेल्या माणसाचे गुण दवाखान्यात फसवे येऊ शकतात.

सांभाळणाऱ्याने केलेली हत्या: 'अखेर सुटका केली' असं लिहिलं की बातमी आरोपीची बाजू घेते. मृत व्यक्ती कोण होती, हे आजारापलीकडचं एक वाक्य तरी हवंच.

टप्पा ९: प्रसारणानंतर

लिंक आधी कुटुंबाला पाठवा, कमेंट बंद ठेवा किंवा कोणाला तरी लक्ष ठेवायला बसवा. चूक दाखवली गेली तर दुरुस्ती त्याच बुलेटिनमध्ये, त्याच वेळेला.

मग फुटेज. आज सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या बाईंचे शॉट्स तीन वर्षांनी 'वृद्धाश्रमात ज्येष्ठांचे हाल' या बातमीखाली फाइल फुटेज म्हणून फिरतात, त्या वारल्यानंतरही. लायब्ररीत टाकतानाच टॅग लिहा: 'फक्त या स्टोरीसाठी संमती. इतर वापराआधी रिपोर्टर आणि कुटुंबाला विचारा. शूटची तारीख अमुक, एक वर्षानंतर लॉक.' रिपोर्टर नोकरी सोडून जातात, म्हणून टॅगमध्ये नावाऐवजी डेस्कचा नंबर टाका.